बंदी आली, ग्रुप चालूच

10 डिसेंबर 2025 पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. तेव्हापासून पुण्याहून फोन आला की ठरलेलं वाक्य: "तुमचं बरं आहे बाई, सरकारनंच मिटवलं." मुलांचा ऑनलाइन छळ मिटलाय कुठे? दंड होतो तो कंपन्यांना, 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत; मुलांना किंवा आईबापांना नाही. आणि व्हॉट्सॲप या बंदीत येतच नाही.

मेलबर्नमधल्या आमच्या ओळखीतला एक मुलगा, नववीतला. गणपतीतल्या नाटुकल्यात वाक्य विसरला, गांगरला. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि त्या चेहऱ्याचे स्टिकर झाले. करणारी मुलंही आपलीच, त्याच्या घरी जेवून जाणारी. मग त्याला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढायचं, परत घ्यायचं, चार स्टिकर टाकायचे, परत काढायचं. आईला तो काही बोलला नाही. मला म्हणाला, "काकू, आईला कळलं तर फोन जाईल."

फोन काढून घेतला की आपल्याला वाटतं, पोर सुटलं. त्याला मात्र वाटतं शिक्षा आपल्यालाच झाली, कारण छळणाऱ्याचा फोन त्याच्या खिशात शाबूत असतो. पुढच्या वेळी मग तो कुणालाच सांगत नाही. त्याच्या बाबांचं "लक्ष देऊ नकोस, आम्हालाही चिडवायचे" हेही तसंच. आमचं चिडवणं शाळा सुटली की मागे राहायचं हो; हे रात्री उशाशी येतं.

शेवटी आईला कळलंच, तेव्हा तिनं एक गोष्ट फार शहाणपणानं केली. आधी नुसतं ऐकलं, आणि "फोन तुझ्याकडेच राहील" हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. ब्लॉक करण्याआधी दोघांनी मिळून तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेतले. (मुलांचे नग्न फोटो फिरत असतील तर स्क्रीनशॉट घेऊ नका, ते जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतं. खात्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.) इथली पद्धत अशी: आधी ॲपकडे तक्रार करायची. 48 तासांत मजकूर हटला नाही, तर ई-सेफ्टी कमिशनरकडे, म्हणजे ऑनलाइन सुरक्षेच्या सरकारी कार्यालयाकडे, जायचं. प्रकार गंभीर असेल तर ते कार्यालय तो 24 तासांत काढायला लावू शकतं. भारतात मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांसंबंधीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे.

किड्स हेल्पलाइनला, म्हणजे इथल्या मुलांसाठीच्या समुपदेशन सेवेला, फोन करायला मुलगा तयार नव्हता. त्यांच्याकडे चॅटचीही सोय आहे. तिथं मात्र बराच वेळ टाईप करत बसला. आईबापांना जे सांगवत नाही ते परक्याला सांगवतं, यात आपण वाईट वाटून घेऊ नये.

खरं अवघड पुढेच होतं. स्टिकर करणाऱ्या मुलांच्या आया म्हणजे त्याच्या आईच्याच मैत्रिणी. आळीपाळीनं मुलांना क्लासला सोडणाऱ्या. मंडळात चर्चा होईल म्हणून कितीतरी घरं इथंच गप्प बसतात. हिनं एकीला फोन लावला आणि आरोप न करता स्क्रीनशॉट तेवढे दाखवले. समोरची आधी बचावात गेली, मग गप्प झाली. स्टिकर गेले. बाबांना सगळ्यांसमोर माफी हवी होती. मुलानं साफ नकार दिला. पुढच्या वर्षी नाटुकल्यात काम करणार का, हेही त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि घरात कुणी विचारतही नाही.