क्लार्कने साचे का फोडले?

५ डिसेंबर २००५, सोमवार. अमेरिकेत सर्फबोर्ड, म्हणजे समुद्राच्या लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या, बनवणाऱ्यांच्या फॅक्सवर सात पानी पत्र आलं. या बोर्डांसाठी फोम पुरवणारी गॉर्डन क्लार्कची कंपनी, क्लार्क फोम, बंद, तेही तडकाफडकी. मी राहते त्या दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जुने कारागीर या दिवसाबद्दल घरातलं कुणी गेल्यासारखं बोलतात.

या दिवाळीत नाशिकला आले तेव्हा अंबडला काकांच्या फायबरच्या वर्कशॉपमध्ये बसून ही गोष्ट त्यांना सांगितली. तिथे मुद्दाम काही समजवावं लागलं नाही. रेझिन, हार्डनर, काचेचं कापड, पॉलिशपेपर, सर्फबोर्डाला लागतं ते सगळं तेच. नाकात जाणारा वासही तोच.

सर्फबोर्ड आधी लाकडाचे असत. एक्वाडोरहून येणारं बाल्सा लाकूड हलकं, पण चांगलं लाकूड मिळायची मारामार. कॅलिफोर्नियातल्या डेना पॉइंटला १९५४ मध्ये दुकान टाकलेल्या होबी ऑल्टरला दुसरा पर्याय हवा होता. त्याच्याकडे बोर्डांवर फायबर चढवणारा गॉर्डन क्लार्क आणि तो पॉलियुरेथेन फोमच्या मागे लागले. रसायनं साच्यात ओतली की फसफसून फुगायची, पण कुठे पोकळी राहायची, कुठे फुगा यायचा. १९५८ च्या सुमारास जमलं. १९६१ मध्ये क्लार्कने फोमचा धंदा वेगळा काढला.

क्लार्क स्वतः बोर्ड विकत नसे. तो विकायचा ‘ब्लँक’, म्हणजे बोर्डाचा कच्चा ठोकळा, मधोमध लाकडाची पट्टी चिकटवलेला. तो रंध्याने तासून आकार देणारा तो शेपर. शेपर म्हणेल तशी लांबी, तसा बाक क्लार्क देई, आणि माल वेळेवर. त्यामुळे गॅरेजमध्ये एकट्याने काम करणाऱ्यालाही मोठ्या कारखान्याइतकाच चांगला ठोकळा मिळे. मला वाटतं, या किनाऱ्यावर इतके स्वतंत्र कारागीर उभे राहिले ते यामुळेच. अमेरिकेतले दहापैकी नऊ ब्लँक त्याचे असत, असा अंदाज आहे.

काका लगेच म्हणाले, “अगं, मग सगळ्यांची मान एकाच्याच हातात की!” साताऱ्या-नाशकात एकाच कंपनीच्या ऑर्डरवर चालणारी वर्कशॉपं त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत.

पत्रात क्लार्कने सरकारी यंत्रणा, कामगारांचे दावे आणि टीडीआय या विषारी रसायनाचा उल्लेख केला होता. फोम त्यावरच बने. बातमी फुटताच ब्लँकचे भाव चढले, लोकांनी साठे केले. मग ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून माल येऊ लागला, नवे फोमवाले उभे राहिले. काहीजण थर्माकोलच्या जातीच्या फोमकडे वळले. त्यावर नेहमीचं पॉलिस्टर रेझिन चालत नाही. हे ऐकून काकांनी थर्माकोलच्या तुकड्यावर रेझिनचा थेंब टाकून दाखवला. डोळ्यांदेखत खड्डा पडला. म्हणून तिथे इपॉक्सी हे वेगळं रेझिन लागतं, आणि काम सावकाश चालतं.

क्लार्कने नुसता कारखाना बंद केला नाही, काँक्रीटचे साचेही फोडून टाकले. मला हे आजही पटत नाही. धंदा बंद करणं त्याचा हक्क होता. पण त्या साच्यांतले आकार कित्येक शेपरांनी त्याच्याबरोबर बसून, वर्षानुवर्षं सुधारून घडवलेले होते. ते त्याच्या एकट्याचे नव्हते. निदान ज्याचा त्याला तरी द्यायचा.

काकांचं मत वेगळं पडलं. “त्या साच्यातून उद्या दुसऱ्याने माल काढला आणि त्याचा माणूस आजारी पडला, तर कोर्टात नाव कुणाचं निघेल? मीही फोडले असते.” वहिनी चहा घेऊन आल्या तरी आमचा वाद चालूच होता.