लेकीची कॉमिकची वही

शनिवार, रात्री साडेदहा

बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं ते आज लिहून टाकतो. माझी लेक कॉमिक काढते, आणि त्यात ती दत्तक असण्यावर, आम्हा सगळ्यांपेक्षा वेगळी दिसण्यावर विनोद करते. हे बरं आहे का म्हणून लोक विचारतात, नातेवाईक तर जास्तच. माझं म्हणणं एकच आहे, विनोद तिचा आहे, तो कधी करायचा, कुणासमोर करायचा आणि कधी अजिबात करायचा नाही हे तिनं ठरवायचं, आम्ही नाही.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे. कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या वेबसाईटवर नाव नोंदवलं तेव्हा कुठल्याही राज्यातलं मूल चालेल असं भरलं होतं, मग होम स्टडी, म्हणजे घरी येऊन आमची चौकशी झाली, मग वाट बघण्यात वर्षं गेली आणि एक दिवस आसाममधल्या दोन वर्षांच्या पोरीचा फोटो, मेडिकल रिपोर्ट नि माहितीचा कागद आला. हो म्हणायला ४८ तास असतात, आम्हाला गॅसवरचा चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरला. आता ती सहावीत आहे, मराठी आमच्यासारखीच बोलते, कन्नड फडाफडा बोलते, आणि तरी बसमध्ये चढली की माना वळतातच.

त्यावरच तिची पहिली कॉमिक पट्टी आहे. आपल्याकडे ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायका-मुलींना बस फुकट आहे, पण कर्नाटकातल्यांनाच, म्हणून आधार दाखवावं लागतं. एकदा बेळगावला जाताना एका कंडक्टरनं बाकीच्या पोरींना नुसतं बघून झिरो तिकीट दिलं आणि हिचं मात्र कार्ड मागितलं. घरी आली ती गप्पच होती. रात्री वही घेऊन बसली. पहिल्या चौकटीत बस, दुसऱ्यात एक आजी विचारतेय "ही कुणाची गा?", तिसऱ्यात सगळी बस ओरडतेय, "नेपाळ!" "मणिपूर!" "चीन!", मागच्या सीटवरचा एकजण तर "जपान!" म्हणून उभाच राहिलाय. चौथ्यात कंडक्टर आधार कार्डावर नाक टेकवून वाचतोय, "तालुका खानापूर", आणि ही खिडकीत बसून शेंगा सोलतेय.

मी शाळेत चित्रकला शिकवतो त्यामुळं माझं लक्ष आधी डोळ्यांवर गेलं. बसमधल्या सगळ्यांचे डोळे म्हणजे नुसते पेनाचे ठिपके, कंडक्टरचे सुद्धा. स्वतःचे डोळे मात्र तिनं चारदा खोडून काढलेत, कागद घासून पातळ झालाय तिथं, पापणीची घडी, कोपऱ्यातला तिरकेपणा, सगळं नीट. रोज तिच्याकडे पन्नास जण बघतात, या एका पानावर ती त्यांच्याकडे बघतेय. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

हे असं करणारी ती एकटी नाही हे तिला कळावं म्हणून मी शोधत होतो. १९५३ ला कोरियातलं युद्ध थांबलं, त्यानंतरच्या काही दशकांत तिथून दोनेक लाख मुलं परदेशात दत्तक गेली, बरीचशी गोऱ्या घरांत, आणि त्यातली काही मोठी होऊन चित्रकार झाली, काही स्टेजवर उभी राहून लोकांना हसवायला लागली. अमेरिकेतला जोएल किम बूस्टर तसाच, जेजू बेटावर जन्मला, इलिनॉयमधल्या गोऱ्या ख्रिश्चन घरात वाढला, आता स्टँडअप करतो. बेल्जियमचा जुंग पाचव्या वर्षी दत्तक गेला, त्यानं आपलं बालपण कॉमिकमध्ये काढलं, २०१२ ला त्याचा सिनेमाही आला. त्याच्या कॉमिकचं नाव त्याच्या दत्तकाच्या फाईलमधूनच आलंय, त्वचेचा रंग : मध. त्यात तो खोडकर आहे, चिडका आहे, कोरियन असणंच नको म्हणून स्वतःला जपानी समजायला लागतो. बिचारं गोड पोर म्हणून त्यानं स्वतःला काढलेलं नाही हे मला फार आवडलं.

लेकीला मी फाईलचं तेवढं सांगितलं. तिनं लगेच घरातल्या सगळ्यांच्या फाईली केल्या! आजी, रंग : करदंट (आमच्याकडची डिंक-सुकामेव्याची मिठाई), सवय : रिमोट लपवणे. आई, रंग : गव्हाची खीर. बाबा, रंग : भाजलेली शेंग. स्वतःचा रंग तिनं लिहिला कुंदा, म्हणजे बेळगावची दूध आटवून केलेली मिठाई, आणि खाली बारीक अक्षरात, जास्त भाजलेला नाही. आजीनं तो कागद देवघराशेजारी चिकटवलाय. फाईल फक्त तिचीच असते, बाकी आम्हा कुणाचा रंग सरकारी कागदावर कुणी लिहून ठेवत नाही, हे तिनं न सांगता सांगितलं.

पण सगळंच हसण्यासारखं नाही. वर्गात एकजण तिला मोमो म्हणतो, त्याच्यावर तिनं एक रेघही काढलेली नाही. मी काढ म्हणणार नाही. ते आम्ही मोठ्यांनी शाळेत जाऊन बोलायचं काम आहे आणि ते आम्ही केलंय. गणपतीत घर भरलेलं असताना एक पाहुणे म्हणाले, "ते बसचं दाखव की बाळ, जरा हसूया", तिनं वही मिटली आणि आत गेली. त्यांना वाटलं शिष्ट आहे. मी सांगितलं की नाही दाखवायचं तिला, लाडू घ्या. आपल्याला अवघड वाटणारं हलकं करायला पोराला पुढं करायचं, हे मला पटत नाही.

आणि एक पान आहे ज्यात विनोदच नाही. पहिली चौकट पूर्ण रिकामी, दुसरीत खानापूर स्टेशन आणि माझ्या खांद्यावर झोपलेली ती. आमच्याकडं तिच्या पहिल्या दोन वर्षांचा तो काराकडून आलेला फोटो सोडला तर काही नाही. लिहिणाऱ्याला तिथं काहीतरी वाक्य घालावं लागतं, कॉमिकमध्ये चौकट मोकळी सोडता येते आणि वाचणारा तिथं थांबतो. बुसानमध्ये जन्मून स्वीडनमध्ये वाढलेल्या लिसा वूल-रिम श्योब्लोमनं २०१६ ला असंच स्वतःच्या शोधाचं कॉमिक काढलं, त्यात कागदपत्रं एकमेकांशी जुळतच नाहीत, आणि त्यात हसू फारसं नाहीच. ते मी वाचलंय, लेकीला अजून दिलेलं नाही, जरा मोठी होऊ दे.

मुळाचा, म्हणजे जन्माच्या घराचा शोध घ्यायचा तर अठराच्या आत आईबापांबरोबर अर्ज करता येतो आणि नंतर स्वतःचा स्वतः, हे तिला माहीत आहे. परवा विचारत होती गुवाहाटीला रेल्वेनं किती दिवस लागतात. बघू म्हणालो नाही मी, जाऊया म्हणालो.

हे सगळं लिहू का म्हणून तिला विचारलं. बसचं लिही म्हणाली, फाईलचं लिही, रिकाम्या चौकटीचं पण लिही. पण चित्रांचे फोटो टाकायचे नाहीत आणि तिचं नाव घालायचं नाही, म्हणून घातलेलं नाही.