हो, घर विकूनच खातोय

लग्नात, बाराव्याला, डोंबिवलीच्या जुन्या शेजाऱ्यांच्या फोनवर, फिरून फिरून एकच प्रश्न येतो. हक्काची जागा विकून या वयात मिरजेला भाड्याने का? मुलगा पुण्यात आहे, गावाला एवढं मोठं घर आहे, मग तुम्ही दोघं तिकडे काय करताय? विचारणारी माणसं वाईट नसतात. काहींना खरंच काळजी वाटते. काहींना 'सुनेशी पटत नाही' एवढंच ऐकायचं असतं, आणि ते मी म्हणत नाही, कारण ते खरं नाही. आतापर्यंत 'इथली हवा मानवते' असं सांगून वेळ मारून नेली. मिरजेची एप्रिल-मेमधली हवा ज्याने खाल्ली आहे तो हे ऐकून हसेल. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते.

बँकेचं तुम्हाला ठाऊकच आहे. दोघांचा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून 22 लाख एका सहकारी बँकेत होते. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि शेवटी ठेव विम्याचे पाच आणि पाच, असे 10 लाख हातात पडले. फेब्रुवारी 2020 पर्यंत हा विमा एकाच लाखाचा होता, म्हणून लोक आम्हाला नशीबवान म्हणतात. माझी सात लाखांची पावती माझ्या एकटीच्या नावावर होती, तिचे पाच. बाकीच्या सगळ्या पावत्यांवर आधी यांचं नाव, मग माझं, म्हणून त्या सगळ्यांचे मिळून पाच. पैसे मिळाल्यावर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, की काकू, यातल्या काही पावत्यांवर तुमचं नाव आधी आणि काकांचं नंतर असतं, तर त्यांचा विमा वेगळा धरला गेला असता. नियम खरंच तसा आहे. आमच्याकडे पत्रिका असो, रेशनकार्ड असो की बँकेची पावती, आधी पुरुषाचं नाव लिहायचं एवढाच नियम माहीत होता.

पाठोपाठ यांची बायपास. कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबरच संपलेला. राहिली पेन्शन. ईपीएस-95 ची, म्हणजे खासगी नोकरीतल्यांना प्रॉव्हिडंट फंडाकडून मिळते ती, आम्हा दोघांची पेन्शन मिळून चार हजारांच्या आत आहे आणि त्यावर महागाई भत्ता नाही. ज्यांच्या घरात सरकारी पेन्शन येते त्यांना हा आकडा ऐकूच येत नाही. 'चाळीस ना?' असं परत विचारतात.

म्हणजे आमच्याजवळ धरण्यासारखी एकच वस्तू उरली होती. डोंबिवली पूर्वेची जागा, इमारत 1989 ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये खांबांबद्दल बरं लिहिलेलं नव्हतं. घर तारण ठेवून दरमहा पैसे मिळवायची रिव्हर्स मॉर्गेजची योजना 2007 पासून आहे, आम्ही तीही विचारून आलो. इमारतीचं किमान 20 वर्षांचं आयुष्य शिल्लक हवं म्हणाले. आमच्या इमारतीकडे बघून तेवढं छातीठोक कोण सांगणार? पुनर्विकासाची बोलणी आम्ही निवृत्त व्हायच्या आधीपासून चाललेली होती, आणि अभिहस्तांतरणच, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणंच, झालेलं नव्हतं. शिवाय पुनर्विकासात इमारत पाडली की काही वर्षं भाड्यानेच राहायचं असतं. ते मात्र कुणाला कमीपणाचं वाटत नाही.

मुलाचं थोडक्यात सांगते. वाकडला दोन बेडरूमचं घर, डोक्यावर हप्ता, दोघांच्या नोकऱ्या, नातीची दहावी. तो 'या' म्हणाला होता, सूनही म्हणाली होती. यांच्या ऑपरेशननंतर आम्ही तिथे राहिलोही. नात हॉलमध्ये अभ्यास करायची आणि हे झोपले असले की टीव्हीचा आवाज बंद ठेवून सगळं घर वावरायचं. कुणी काही बोललं नाही, कुणाचं काही चुकलंही नाही. एवढंच.

आता गावचं घर. खरं उत्तर तिथे आहे आणि तेच मी कुणाला दिलेलं नाही.

घर संगमेश्वर तालुक्यात. ओटी, पडवी, माजघर, वर माळा, मागे आंब्याची कलमं. घरपट्टी अजून आजेसासऱ्यांच्या नावाने येते. 2022 च्या गणपतीला, करोनानंतर पहिल्यांदा, सगळे जमले होते. गौरी जेवल्या त्या रात्री ओटीवर बैठक बसली. विषय छपराचा. वानरांनी कौलं फोडून टाकलेली, माजघरावरचा एक वासा कुजलेला. सगळी कौलं उतरवून पत्रा घालायचा असं ठरलं आणि प्रत्येक घरामागे 50 हजार निघाले. मधले भाऊजी वही घेऊन बसले. तेच कायम वही घेऊन बसतात, त्यांचं अक्षर सुंदर आहे. एकेक जण 'धरा' म्हणत गेला. यांची पाळी आली.

हे थोरले. मधले भाऊजी डिप्लोमाला होते तेव्हा डोंबिवलीतल्या आमच्या एका खोलीत राहिले होते. त्याचा हिशेब यांनी कधी मांडला नाही. मी मनात मांडत असते, ते सोडा. हे म्हणाले, 'मला या वर्षी जमायचं नाही.'

धाकटे भाऊजी लगेच म्हणाले, 'दादा, तू कशाला देतोस? तुझे आम्ही घालतो. तू आणि वहिनी इथेच येऊन राहा की. घर उघडं राहील, देवापुढे दिवा लागेल, कलमांकडे लक्ष राहील. नाहीतरी गड्याला महिन्याला चार हजार जातातच आपले.'

ते प्रेमाने म्हणाले. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आजही सांगते. त्यांच्या मनात गड्याची आणि दादाची तुलना नव्हती. एका वाक्यात दोन्ही आलं, इतकंच. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, 'मे महिन्यात आम्ही सगळे आलो की तुम्हाला माळ्यावर झोपावं लागेल हं, वहिनी. पण ते काय, पंधरा दिवस.' सगळे हसले. हेही हसले. मग मधल्या भाऊजींनी वहीत यांच्या नावापुढे लिहिलं. मी शेजारीच सुपारी कातरत होते, मला ते सरळ दिसलं. बाकीच्यांच्या नावांपुढे 50,000. यांच्या नावापुढे 'देखरेख'.

त्या रात्री यांना झोप नव्हती. मला वाटलं लागलं असेल. बऱ्याच वेळाने म्हणाले, 'मागच्या बाजूला आता कलमं किती उरलीत गं?'

म्हणजे यांना लागलं नव्हतं. हे मनातल्या मनात तिथे राहायला गेलेसुद्धा होते. लागलं होतं मला. पन्नास वर्षांची सून मी त्या घरची. दर गणपतीला सगळ्यांच्या आधी उठून मोदकांची उकड काढलेली. आणि आता भावांच्या घरात भावांच्या पैशावर राखणीला.

सकाळी मधले भाऊजी दात घासत परसात उभे होते. मी म्हटलं, 'भाऊजी, वहीतलं ते खोडा.'

'काय, वहिनी?'

'देखरेख. ते खोडा. 50 हजार लिहा.'

'वहिनी, राग आला का?'

'राग नाही. खोडा.'

त्यांनी तोंड धुतलं, वही आणली, माझ्यासमोर खोडलं. यांना न विचारता मी हे केलं. पैसे आम्ही दोन हप्त्यांत पाठवले, ऑपरेशननंतर उरलेल्यातून. आजच्या हिशेबाने त्यात मिरजेचं सहा महिन्यांचं भाडं निघालं असतं. त्या पत्र्याखाली आम्ही वर्षातले चार दिवस झोपतो.

लोकांना मी कारण दिलं डॉक्टरांचं. देवरुखला ग्रामीण रुग्णालय आहे, पण हृदयाचं म्हटलं की रत्नागिरी गाठा, नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूर. पावसाळ्यात रात्री दोन वाजता, बायपास झालेल्या माणसाला घेऊन. हे कारण अगदी खरं आहे आणि कुणीही ते खोडून काढू शकणार नाही. फक्त त्या सकाळी परसात ते माझ्या मनात नव्हतं.

यांनी याबद्दल मला बोल लावलेला नाही. लावला असता तर भांडता आलं असतं.

परत आल्यावर मी एक कागद घेतला. तळमजला. हृदयाचा डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर. स्टेशन. भाडं दहा हजारांच्या आत. ऑफिसातली एक मैत्रीण मूळची मिरजेची, ती म्हणाली, हे सगळं आमच्या गावात आहे. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये इथे मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. सरकारी मेडिकल कॉलेज आहे, खासगी डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. कोकणातून आणि कर्नाटकातून माणसं उपचाराला इथे येतात. म्हणजे गावी राहिलो असतो आणि काही झालं असतं, तर कदाचित इथेच आणावं लागलं असतं. स्टेशनवरच्या रिक्षावाल्याला कुठला डॉक्टर किती वाजता बसतो ते पाठ असतं.

जागा 2023 मध्ये 42 लाखांना गेली. मुलाला आम्ही सौदा ठरल्यावर सांगितलं. तो म्हणाला, 'आई, आधी एकदा विचारायचं तरी.' मी म्हटलं, 'विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास.' तो 'हो' म्हणाला. त्याच्या मनात त्या जागेचा काही हिशेब होता का? असेल. असायला हरकत नाही. आम्हीही सासऱ्यांच्या घरावर डोळा ठेवून नव्हतो, असं कुठे आहे?

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा त्याच वर्षी एप्रिलपासून 15 वरून 30 लाखांवर गेली होती. 30 लाख तिथे 8.2 टक्क्यांनी टाकले, तिमाहीला 61,500 येतात. नऊ लाख पोस्टाच्या मासिक योजनेत, त्याचे महिन्याला 5,550. बाकीचं राष्ट्रीयीकृत बँकेत, आजारपणासाठी. या वेळी नावं आलटूनपालटून लिहिली. भाडं आठ हजार. यांना आयुष्मानचं सत्तरीपुढचं पाच लाखांचं कार्ड मिळालंय, ते पाकिटात पांडुरंगाच्या फोटोमागे असतं.

'घर विकून खातायत' असं आमच्यामागे म्हणतात ते मला पोचलेलं आहे. मग काय करायचं होतं? घर राखून उपाशी राहायचं? की घर जसंच्या तसं ठेवून मुलाकडून महिन्याला पैसे मागायचे, म्हणजे त्याला पुढे मिळणाऱ्या घराचं भाडं त्याने आत्तापासून भरायचं?

हे असं ठणकावून बोलले की मला बरं वाटतं. मग 1989 ची मी आठवते. दोन वेळचा भाजीचा खर्च एकात भागवून तिने डोंबिवलीच्या जागेचे हप्ते भरले. ऑफिसात भाड्याने राहणाऱ्या मैत्रिणींना ती ऐकवायची, भाडं म्हणजे बुडीत खातं. अकाउंट्समध्ये होती ना, असंच बोलायची. ती आता मला विचारते, आणि 85 व्या वर्षी मालक म्हणाला जागा खाली करा, तर? माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला विचारते, तिसऱ्या मजल्यावरून यांचं स्ट्रेचर कसं उतरवणार होतीस? तिच्याकडेही नाही.

तिची भीती खोटी नाही. इथे घर शोधताना पहिला प्रश्न आम्ही विचारायचो, 2019 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? मालकांचा पहिला प्रश्न, वय काय? दोघांनी वय ऐकून नाही म्हटलं. म्हाताऱ्यांना जागा दिली आणि काही झालं तर निस्तरायचं कुणी, हे तोंडावर बोलले नाहीत, पण समजलं. तिसऱ्यांनी मुलाची सही मागितली. तो पुण्याहून येऊन सही करून गेला. करार 11 महिन्यांचा. दहावा महिना लागला की मी मालकीणबाईंशी जरा जास्तच गोड बोलते. महिन्याचं येणं ठरलेलं आहे, ते वाढणार नाही. भाडं वाढतं, औषधं वाढतात. पाच वर्षांची मुदत संपेल तेव्हा व्याजाचा दर काय असेल ते मी सांगू शकत नाही.

आणि लपवून काय उपयोग, तुम्हाला कळेलच. आमच्या जुन्या सोसायटीला या वर्षी बिल्डर मिळाला. लिफ्टची इमारत होणार, प्रत्येकाला जास्तीची जागा. मुलाने व्हॉट्सअॅपवर नकाशा पाठवला, खाली काही लिहिलं नाही. मी तो मोठा करून करून पाहिला. आमच्या मजल्यावर आता बाल्कनी आहे. मनात हिशेब केला, इतकी वर्षं थांबलो असतो तर काय खाल्लं असतं. हिशेब माझ्या बाजूने सुटला, तरी नकाशा काही डिलीट केला नाही.

सध्याचा वाद वेगळाच आहे. यांना थंडीत तीन महिने गावाला जायचंय. मोहोराच्या वेळी फवारणीला कुणीतरी घरचं माणूस हवं असं भाऊजींना यांनी स्वतःच फोन करून सांगितलं, मला नंतर कळलं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, झाडावर चढू नका, बाकी जा. तीन महिने हे तिथे आणि मी इथे आठ हजारांच्या घरात एकटी, की मीही तिकडे जाऊन चुलीपुढे बसू? यांना पंचाहत्तरीपुढे म्हणून एसटी फुकट आहे, मला अर्धं तिकीट. कोल्हापूरला गाडी बदलायची, मग आंबा घाटातून साखरपा. पिशवी भरायला घेतलीय यांनी. मी त्यात यांची औषधं ठेवलीत, माझे कपडे अजून ठेवलेले नाहीत.