भिंतीवरच्या त्या बाई कोण?

एकोणीस वर्षांत नऊ क्वार्टर्स झाली. नव्या ठिकाणी पहिल्यांदा घरी आलेलं कुणीही चहा येईपर्यंत भिंतीकडे बघतं आणि विचारतं, "साडीतल्या या गोऱ्या बाई कोण? तुमच्या नात्यातल्या का?" बाहेरच्यांनी विचारलं तर ठीक आहे. फौजेतल्या बायकाही विचारतात, तेव्हा मात्र जीव तुटतो.

या सावित्रीबाई खानोलकर. परमवीर चक्राचं डिझाइन यांचं.

जन्म 20 जुलै 1913, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा. वडील हंगेरियन, आई रशियन. सावित्रीबाईंचं माहेरचं नाव ईव्ह. सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणारे विक्रम रामजी खानोलकर सुट्टीत आल्प्सच्या भागात आले होते, तिथे ओळख झाली. वडिलांचा विरोध होता. तरी ही मुलगी भारतात आली आणि 1932 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लग्न करून सावित्रीबाई झाली.

पुढे त्या मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकल्या, वेद-उपनिषदं, पुराणं वाचली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. फौजेतल्या संसारात दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधायच्या, नवरा फील्डला गेला की मुलांचं आजारपण, शाळा, पत्रव्यवहार सगळं एकटीने बघायचं. त्यात परक्या भाषेतली पुराणं, तीही इतकी मुरवून घ्यायची की गरज पडली तेव्हा नेमकी हाताशी आली.

गरज पडली स्वातंत्र्यानंतर. ब्रिटिशांच्या पदकांच्या जागी आपली पदकं हवी होती. ते काम पाहणारे मेजर जनरल हिरालाल अटल सावित्रीबाईंकडे आले. सावित्रीबाईंनी परमवीर चक्रासाठी इंद्राचं वज्र निवडलं. साडेतीन सेंटीमीटरचं कांस्य, मधोमध राजमुद्रा, भोवती चार वज्रं, वर जांभळी फीत. 26 जानेवारी 1950 रोजी हे पदक अस्तित्वात आलं. महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र हीसुद्धा त्यांचीच.

वज्रापाशी मी नेहमी थांबते. शस्त्र इंद्राचं, पण हाडं दधीची ऋषींची. त्यांनी देह ठेवला म्हणून वज्र घडलं. पदकावर सिंह चालला असता, तलवार चालली असती. या बाईंनी देणाऱ्याची आठवण कोरली. मला वाटतं, हे फौजीच्या घरात राहिलेल्या बाईलाच सुचावं. लढाईचा हिशेब विजयात मांडणारे पुष्कळ असतात, दरवाजात उभं राहणाऱ्या माणसाला तो वेगळा दिसतो.

पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. पदक नंतर आलं, पराक्रम त्याआधीचा: 3 नोव्हेंबर 1947, काश्मीरमधलं बडगाम. डावा हात प्लास्टरमध्ये असताना ते जवानांना मॅगझिन भरून देत होते. सोमनाथ म्हणजे सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे थोरले दीर. हे सांगितलं की खोलीत कुणी बोलत नाही.

1952 मध्ये विक्रम खानोलकर गेले. तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्याही नव्हत्या किंवा नुकत्याच झाल्या होत्या. त्या फाळणीतल्या निर्वासितांसाठी आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करत राहिल्या, रामकृष्ण मठाकडे वळल्या, महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. 26 नोव्हेंबर 1990 रोजी त्या गेल्या.

मला दुसराही एक प्रश्न वारंवार येतो: "साहेब ड्यूटीवर, मग तुम्ही दिवसभर काय करता?" मी चित्रं काढते. बदलीच्या काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नाव आणि रँक मीच रंगवते, शेजारणींच्याही. घर सांभाळून उरलेल्या वेळातलं काम, असं याला म्हणतात. परमवीर चक्रसुद्धा एका फौजीच्या बायकोच्या हातून आलेलं आहे, हे मी त्यांना शांतपणे सांगते आणि फोटोकडे बोट दाखवते.

पुढच्या आठवड्यात दहावं घर. फोटो रजयांच्या मध्ये, तिसऱ्या ट्रंकेत जातो. खिळा मात्र मी पर्समध्ये ठेवते. नव्या क्वार्टरमध्ये हातोडी कुणाकडेही मिळते, खिळ्यासाठी मला थांबायचं नसतं.