उरेल ते साठवू

ठाण्यात नौपाड्याच्या चाळीत आम्ही राहत होतो, तेव्हा आईची बारा जणींची भिशी होती. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत प्रत्येकीने ठरलेली रक्कम आणून द्यायची, चिठ्ठी काढायची आणि जिचे नाव निघेल तिने सगळी रक्कम न्यायची. त्यावर व्याज एका पैशाचे नसे. तरीही घरातले शिलाई मशीन, माझ्या शेवटच्या वर्षाची फी आणि आजोबांच्या डोळ्याचे ऑपरेशन या तिन्ही गोष्टी त्या भिशीतूनच झाल्या. पुढे मी नोकरीला लागलो, घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला, आईच्या हाती कधी आला नाही एवढा पगार मिळवू लागलो आणि तरीही पहिली आठ वर्षे माझ्याकडे शिल्लक म्हणावी असे काहीच नव्हते.

कारण साधे होते. आई आधी भिशी देई आणि मग वाण्याची यादी करी. मी आधी खर्च करत असे आणि उरेल ते साठवू म्हणत असे. पगार वाढला की नवा हप्ता त्याची वाटच पाहत असायचा.

रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्झी या अर्थतज्ज्ञांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वाचला, तेव्हा मला आईची भिशी नव्याने समजली. अमेरिकेतल्या एका कंपनीतील ज्या कामगारांनी आजच्या पगारातून लगेच बचत वाढवायला नकार दिला, त्यांच्यापाशी तो आग्रह पुढे रेटला नाही. पुढच्या पगारवाढीतला काही भाग बचतीत जाईल, एवढीच संमती आधी घेतली. ज्यांनी ती दिली, त्यांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. हाती येणारी रक्कम कमी झालेली माणसाला सोसत नाही, पण जी अजून हाती आलेलीच नाही तिच्यातला वाटा तो सहज देतो, हे त्यामागचे मर्म आहे.

घटीची ही धास्ती किती खोल असते, ते मला मार्च 2020 मध्ये कळले. 23 मार्चला सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, एका दिवसात 3,935 अंकांनी कोसळून 25,981 वर बंद झाला आणि त्याच आठवड्यात मी माझी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम गुंतवणे, बंद केली. जांभळी नाक्याच्या बाजारात मेथी स्वस्त झाली की दोन जुड्या जास्त घेणारा मी, फंडाचे युनिट स्वस्त झाल्यावर मात्र पाठ फिरवून बसलो. एसआयपी पुन्हा सुरू केली तोवर 21 जानेवारी 2021 उजाडला होता आणि सेन्सेक्सने 50,000 चा टप्पा प्रथमच ओलांडला होता. ते दहा महिने मला आजही सलतात, कारण नोकरी शाबूत होती, पगार वेळेवर येत होता आणि थांबण्याचे भीतीखेरीज दुसरे कारण नव्हते.

आपला स्वभाव बदलेल, या भरवशावर आता मी काहीही ठेवत नाही. पगार एक तारखेला होतो. तीन तारखेला एसआयपीचे पैसे आपोआप वळते होतात आणि पीपीएफचा (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा) भरणाही त्याच दिवशी जातो, कारण पीपीएफचे व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले जाते. बाजाराचे अ‍ॅप फोनवरून काढून टाकले आहे आणि हिशेब सहा महिन्यांतून एकदा, पत्नीला शेजारी बसवून पाहतो. एसआयपीची रक्कम दर एप्रिलला वाढते. यंदाचा अर्ज मी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच भरला. पगारवाढीचे पत्र हाती पडायला तेव्हा अजून महिना होता.