पहिल्या अलास्का क्रूझसाठी जुनं जहाज: निवडताना काय काय तपासलं

अलास्काच्या पहिल्या सफरीसाठी आम्ही मुद्दाम जुनं जहाज घेतलं, 1999 ते 2004 या काळात पाण्यात उतरलेल्या पिढीतलं. सोबत सत्तरीपुढचे आई-बाबा, दोघंही भारतीय पासपोर्टवर आणि पक्के शाकाहारी. बघायच्या होत्या हिमनद्या, देवमासे आणि डोंगर. जहाजावरच्या गो-कार्टचा आणि घसरगुंड्यांचा आम्हाला काही उपयोग नव्हता. ज्यांच्या घरात दहा ते सोळा वयाची मुलं आहेत त्यांनी मात्र नवंच जहाज घ्यावं. जुन्या जहाजावर पावसाच्या दिवशी मुलांसाठी फार काही नसतं.

आकारातला फरक आधी बघा. हॉलंड अमेरिका या कंपनीचं फोलेंडाम 1999 चं आणि झांडाम 2000 चं. दोन्ही साधारण 61 हजार टनांची, प्रवासी चौदाशेच्या आसपास. रॉयल कॅरिबियनचं रेडियन्स ऑफ द सीज 2001 चं, 90 हजार टनांचं, प्रवासी साधारण एकवीसशे. याच मार्गावर धावणारं नॉर्वेजियन ब्लिस 2018 चं, 1 लाख 68 हजार टनांचं, चार हजार माणसांचं. बंदरावर उतरताना, नाश्त्याच्या रांगेत आणि हिमनदीसमोर कठड्याशी जागा मिळवताना हा फरक पावलोपावली जाणवतो.

तरीही जहाजाचं वय सगळ्यात शेवटी बघायचं. आधी मार्ग. अमेरिकेतल्या सिएटलहून निघणारी बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून निघणारी बेटाच्या आतल्या बाजूने, दोन्हीकडे डोंगर ठेवून जातात. लहान जहाज उघड्या समुद्रात जास्त हलतं, त्यामुळे जुनं जहाज घ्यायचं तर व्हँकुव्हरहून निघणारं घ्यावं, हे माझं ठाम मत झालं. आतल्या मार्गावर सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी खाडी लागते. तिथे प्रवाह 15 नॉटपर्यंत चढतो, म्हणून भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळेतच जहाज पार करतात. त्या खाडीच्या मधोमध असलेला रिपल रॉक हा बुडालेला खडक 1958 मध्ये सुरुंग लावून उडवला, तोवर तिथे कित्येक जहाजं फुटली होती. आतला मार्गही पूर्णपणे आडोशाचा नाही. क्वीन शार्लट साउंड आणि डिक्सन एंट्रन्स हे दोन उघडे पट्टे ओलांडताना काही तास जहाज डुलतंच. उलटीची गोळी त्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. वयस्कांना या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्या.

मार्गानंतर हिमनदी कोणती ते बघा. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला मोठी क्रूझ जहाजं फक्त दोन सोडतात आणि हे परवाने बहुतांशी हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या कंपन्यांकडे आहेत. जाहिरातीत नुसतं ‘हिमनदी दर्शन’ लिहिलेलं असेल तर नाव वाचा. हबर्ड असेल तरी उत्तम, तिची दर्शनी भिंतच सहा मैल रुंद आहे. एंडिकॉट आर्म ही चिंचोळी खाडी लिहिली असेल तर बर्फाचे तुकडे किती साचलेत त्यावर सगळं अवलंबून. कप्तानाला धोका वाटला तर जहाज अलीकडूनच वळतं. शेजारच्या ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट 2025 मध्ये मोठी दरड कोसळून लाटा उसळल्या, तेव्हा तिथलं नाव कार्यक्रमात दिसलं तर जहाज खरोखर तिकडे जाणार आहे का ते विचारून घ्या.

मग बंदरातले तास. सिएटलहून सुटणाऱ्या परदेशी झेंड्याच्या जहाजाला 1886 च्या अमेरिकन कायद्यामुळे वाटेत एका परदेशी बंदराला लागावंच लागतं. म्हणून शेवटच्या रात्री कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, बऱ्याचदा संध्याकाळी उशिरा पोचून मध्यरात्री निघतात. ती वेळ गाठायची म्हणून अलास्कातल्या केचिकन बंदरातून दुपारी एकलाच नांगर उचलतात. कागदावर बंदरं चार दिसतात, पण हातात येतात तीन. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या जहाजाला ही घाई नसते. आम्ही प्रत्येक सफरीपुढे बंदरातले एकूण तास लिहिले, त्यातून उजेड नसलेले तास वजा केले आणि मग भाव बघितला.

अलास्काची राजधानी जूनो, तिथे कोणत्या तारखेला किती जहाजं येणार ते बंदराच्या वेळापत्रकात आधीच दिसतं. तिथे 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं आणि 2026 पासून जहाजांवरच्या एकूण खाटांवरही मर्यादा आहे: 16 हजार, शनिवारी 12 हजार. तरीही मंगळवार-बुधवारची गर्दी ही गर्दीच. केचिकनला आणखी एक गोष्ट तपासा. काही मोठी जहाजं गावात न लागता साताठ मैलांवरच्या वॉर्ड कोव्हला लागतात आणि मग शटल बसमध्ये वेळ जातो.

व्हिसाकडे तिकीट काढायच्या आधी बघा. भारतीय पासपोर्टवाल्याला दोन्ही बाजूंनी दोन व्हिसा लागतात. सिएटलहून गेलात तरी व्हिक्टोरियामुळे कॅनडाचा व्हिसा हवाच, तुम्ही जहाजावरून उतरणार नसलात तरी. व्हँकुव्हरहून गेलात तर अमेरिकेचा व्हिसा तिथेच, कॅनडा प्लेस टर्मिनलवर, चढण्याआधी अमेरिकन अधिकारी तपासतात. ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, फक्त वैध पासपोर्ट आणि कार्ड जवळ ठेवायचं. एच-1बी वाल्यांना मात्र लागतो. कॅनडाच्या व्हिसाला 100 कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे 85 वेगळे. पालक अमेरिकेत असतानाही अर्ज ऑनलाइन करता येतो, पण पासपोर्ट शिक्क्यासाठी पाठवावा लागतो. त्या काळात विमानप्रवास ठेवू नका.

आता जहाज. जुन्या जहाजाचं आरोग्य बघायच्या तीन जागा आहेत. पहिली, सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचे स्वच्छता-तपासणीचे अहवाल. पूर्वसूचना न देता तपासणी होते, गुण शंभरपैकी, 86 किंवा वर म्हणजे उत्तीर्ण. नुसता आकडा बघून थांबू नका, अहवाल उघडा. गंजलेली फळी किंवा सुटलेल्या टाइलमुळे गुण गेले असतील तर ते वयाचं लक्षण, चालेल. पण गरम अन्न 57 अंशांखाली किंवा थंड अन्न 5 अंशांवर सापडल्याची नोंद दोन-तीन अहवालांत पुन्हा पुन्हा दिसली, तर ती स्वयंपाकघराच्या शिस्तीची गोष्ट आहे. ते जहाज सोडून द्या.

दुसरी गोष्ट ड्राय डॉकची तारीख. प्रवासी जहाज साधारणपणे पाच वर्षांत किमान दोनदा कोरड्या गोदीत काढतात. गोदीतून बाहेर आल्यावरच्या पहिल्या एक-दोन सफरी टाळा. गालिचे नवे असतात, पण नळजोडण्या आणि वातानुकूलनाच्या कुरबुरी तेव्हाच निघतात. आणि गोदीत जायच्या अगदी आधीची सफरही टाळलेली बरी, कारण किरकोळ दुरुस्त्या तेव्हा पुढे ढकललेल्या असतात. तिसरी गोष्ट, मागच्या दोन हंगामांत यंत्राच्या बिघाडामुळे बंदरं गाळली का. जहाजाच्या नावासोबत ‘कार्यक्रमात बदल’ असं इंग्रजीत शोधलं की कळतं. हवामानामुळे गाळलेलं बंदर वेगळं. पुन्हा पुन्हा ‘वेगावर मर्यादा’ असं कारण दिसलं तर प्रोपल्शनमध्ये, म्हणजे जहाज पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेत, खोट आहे असं समजा.

आगीची भीती बऱ्याच जणांना जुन्या जहाजाबद्दल वाटते. ऑक्टोबर 2010 पासून सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांत न बसणारी, ज्वलनशील बांधणीची जुनी जहाजं आंतरराष्ट्रीय प्रवासी वाहतुकीतून बाद झाली. आपण बोलतोय ती पिढी मुळातच नंतरच्या नियमांनी बांधलेली आहे.

केबिन निवडताना जुन्या जहाजावर सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘गॅरंटी’ केबिन, म्हणजे क्रमांक त्यांनी नंतर द्यायचा, हा प्रकार स्वस्त पडतो. जुन्या जहाजावर तो घेऊ नका. नव्या जहाजात केबिन एकसारख्या असतात, जुन्यात एकाच दराच्या दोन केबिनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक निघतो. डेक प्लॅन मोठा करून तुमच्या केबिनच्या वरचा आणि खालचा मजला बघा. वर बुफे असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज. खाली थिएटर असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. अगदी पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा खडखडाट, अगदी मागे जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर. मध्यभागी, खालच्या मजल्यावर, वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी जागा धरा. तिथे जहाज कमीत कमी हलतं.

बाल्कनीचा मोह आवरा. फोलेंडामसारख्या जहाजांवर बाल्कन्या मुळात थोड्या, म्हणून महाग. त्याऐवजी खिडकीची केबिन घ्या. फक्त ‘अडथळा असलेली’ म्हणजे लाइफबोटच्या मागची नको. या जहाजांवर तिसऱ्या मजल्याला संपूर्ण जहाजाभोवती सागवानी फळ्यांचा रुंद सज्जा आहे, वर छप्पर, पावसातही कोरडा. बाबा रोज सकाळी तिथे फेऱ्या मारत आणि उठलेला प्रत्येक देवमासा त्यांना आमच्या आधी दिसे. त्या सज्जाला लागून असलेल्या केबिनच्या काचा दिवसा बाहेरून आरशासारख्या असतात. रात्री आत दिवा लावला की उलट होतं, तेव्हा पडदे ओढायला विसरू नका.

वयस्क माणसं सोबत असतील तर बाथरूमचा उंबरठा विचारा. जुन्या केबिनमध्ये बाथरूमच्या दाराला लोखंडी उंबरा असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेला, आणि रात्री झोपेत हमखास ठेच लागेल एवढा उंच. शिवाय खिडकीच्या बऱ्याच केबिनमध्ये शॉवर टबात असतो, म्हणजे गुडघ्याएवढी कड ओलांडून आत शिरायचं, तेही जहाज हलत असताना. आतल्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये अनेकदा साधा शॉवर मिळतो. आईच्या गुडघ्यांमुळे हा प्रश्न आम्हाला निर्णायक होता. कंपनीला फोन करून केबिन क्रमांकानिशी ‘टब की शॉवर’ हे लेखी मागवलं. उंबऱ्यावर रात्री दिसेल अशी पांढरी चिकटपट्टी लावली. सोडताना ती निघते, डाग राहत नाही.

विजेचं म्हणाल तर टेबलाजवळ एक अमेरिकन 110 व्होल्टचं आणि एक युरोपियन 220 चं सॉकेट, एवढंच बऱ्याच ठिकाणी असतं. पलंगाजवळ काही नाही. सर्ज प्रोटेक्टर असलेली पट्टी जप्त होते, किटली आणि इस्त्रीही. अनेक यूएसबी तोंडांचा चार्जर न्या. रात्री सीपॅप (झोपेत श्वासाला मदत करणारं यंत्र) लावणाऱ्यांनी एक्स्टेन्शन वायर आणि डिस्टिल्ड पाणी आधी मागून ठेवावं. इन्शुलिनसाठी फ्रिज सगळ्या केबिनमध्ये नसतो, तोही आधीच सांगायचा. भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकी आकडे फार कामाला येतात. ओली जॅकेटं टांगायला दुसरी जागा नाही आणि केचिकनला वर्षाला 140 इंचांच्या आसपास पाऊस पडतो.

जेवणाची सोय लहान जहाजावर उलट बरी होते. विशेष आहाराच्या विभागाला निघण्याच्या काही आठवडे आधी ‘भारतीय शाकाहारी, अंडं नाही’ असं लिहा. जैन असाल तर कांदा-लसूण-बटाटा स्पष्ट लिहा. पहिल्या रात्री मुख्य भोजनगृहातल्या प्रमुखाला भेटा आणि रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं सांगून ठेवा. आदल्या दिवशी सांगितलं तर डाळ, भाजी, भात, पोळी येते. ऐनवेळी विचारलं तर उकडलेल्या भाज्या येतात. घरचं उघडं अन्न बंदरावर अडवतात. कंपनीच्या सीलबंद पाकिटातला चिवडा, भडंग, लाडू चालतात. ताजी फळं आणि बिया अजिबात नेऊ नका.

भाड्याची तुलना करताना बक्षिशीचे माणशी रोजचे पैसे आणि बंदरशुल्क व कर धरूनच करा. एकट्या अलास्का राज्याचा प्रवासीकर 34.50 डॉलर आहे. फोन विमान मोडवर ठेवा, जहाजाच्या मोबाईल टॉवरचे दर तुमच्या प्लॅनमध्ये बसत नाहीत. अलास्कातली वेळ व्हँकुव्हरपेक्षा एक तास मागे असते आणि फोन कधी कुठल्या वेळेवर उडी मारेल याचा नेम नाही. साधं हातघड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. जहाज कुणासाठी थांबत नाही.

ग्लेशियर बेच्या दिवशी पहाटे उद्यानाचे रेंजर चढतात आणि दिवसभर माइकवर माहिती देतात. 1794 मध्ये बर्फ या खाडीच्या तोंडाजवळ होता, आता आत पासष्ट मैल सरकलाय. जुन्या जहाजांवर त्या दिवशी एरवी बंद असलेला पुढचा डेक उघडतात. कधी, ते आदल्या रात्रीच्या पत्रकात असतं. सगळे एकाच वेळी तिकडे धावतात. आम्ही मार्जरी हिमनदी येईपर्यंत तिथे थांबलो आणि मग खाली सज्जावर आलो. जहाज हिमनदीसमोर सावकाश गोल फिरतं, दोन्ही बाजूंना पाळी येते, कुणीही जागा धरून भांडायची गरज नाही. पाण्यावर अडीचशे फूट उंच असलेल्या त्या भिंतीतून कडा सुटतो तेव्हा आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, म्हणून आवाजावर मान वळवू नका. एकाच तुकड्यावर दुर्बीण लावून धरा. आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरे, त्याहून जास्त शक्तीची हातात स्थिर राहत नाही. थंडी हवेपेक्षा बर्फावरून येणाऱ्या वाऱ्याची असते. जुलैतही कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जॅकेट लागतंच. शेजारची जॉन्स हॉपकिन्स खाडी सीलच्या पिल्लांसाठी 31 ऑगस्टपर्यंत क्रूझ जहाजांना बंद असते. सप्टेंबरात गेलात तर तीही दिसू शकते, फक्त पाऊस जास्त धरून चाला.