वाटीत 180 खडे कशाला?

बडोद्यात गोचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या खड्यांनी मुलूख वेढायच्या खेळाचा, पट मांडला की हा प्रश्न हमखास येतो: तैवानचे उद्योगपती इंग चांग-की यांनी या खेळाला नुसता पैसा दिला की आणखी काही? सयाजीरावांच्या गावात आश्रयदात्याबद्दल कुतूहल असायचंच. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

पैसा दिलाच. 1988 साली त्यांच्या नावाची, दर चार वर्षांनी होणारी स्पर्धा सुरू झाली. पहिलं बक्षीस 4 लाख डॉलर. 1997 साली ते गेले, स्पर्धा चालू आहे. पण माझ्या मते त्यांचं खरं देणं डाव संपल्यावर कोण जिंकलं ते मोजायच्या रीतीत आहे. हरणाऱ्यालाही निकाल डोळ्यांनी दिसतो, पंच लागत नाही.

पटावर 19 उभ्या, 19 आडव्या रेघा, म्हणजे 361 छेद. त्यांना घरं म्हणू. इंग यांच्या पद्धतीत दोघांकडे बरोबर 180-180 खडे. नेहमीच्या संचात काळे 181 असतात, एक बाजूला काढा. 180 पुरे झाले की लगेच कळावं अशा खास वाट्या त्यांनी करवून घेतल्या. आपल्याकडे साध्याच असतात, तेव्हा दहा-दहाचे 18 ढीग लावून मोजा. मारलेले, म्हणजे वेढून पटावरून उचललेले, खडे वाटीच्या झाकणात साठवू नका, ज्याचे त्याच्या वाटीत परत टाका. मारलेले खडे बाजूला ठेवणाऱ्या जपानी मोजणीची सवय असलेले इथंच चुकतात.

डाव संपताना मधली बेवारस घरं भरून घ्या. मग उरलेले खडे ज्यानं त्यानं आपल्या मुलखात, म्हणजे आपल्या खड्यांनी वेढलेल्या घरांत, भरायचे. मोठ्या मुलखाचा धनी आधी रिकामा होतो, त्याची काही घरं मोकळी राहतात. समोरच्याचे उरलेले खडे त्यांतच बसतात. शेवटी पटावर एकच घर मोकळं राहायला हवं. दोन दिसली तर ओळखा, एक खडा सतरंजीखाली गेलाय. तो सापडेपर्यंत निकाल देऊ नका.

पहिली खेळी काळ्याची, म्हणून तो पांढऱ्याला 8 गुण देणं लागतो. बरोबरी झाली तर डाव काळ्याचा. मुलखात पडलेला प्रत्येक परका खडा 2 गुणांचा. म्हणून काळ्याच्या मुलखात पांढरे निदान चार पडले तरच काळा जिंकला.

इंग यांचे 'को'चे, म्हणजे दोघांनी एकमेकांचा एकेक खडा त्याच जागी पुन्हा पुन्हा मारत राहण्याच्या पेचाचे, नियम मात्र फार किचकट आहेत. नवख्यांना एवढंच सांगा: समोरच्याच्या एकट्या खड्यानं आत्ता आपला एकच खडा मारला, तर तो मारणारा खडा लगेच उलटून मारायचा नाही, आधी दुसरीकडे एक खेळी करायची.